भीमगडच्या रानात पहिल्यांदा जाताना

पहिल्याच फेरीत वाघ दिसावा अशी आस धरू नका. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात वन खात्याची परवानगी काढून आणि तिथल्याच गावातला वाटाड्या बरोबर घेऊन जा, आणि फळांनी लगडलेला उंबर किंवा वड सापडला की सकाळचे दोन तास तिथेच शांत बसा, कारण धनेश (मोठ्या चोचीचा पक्षी), हरियाल (हिरवे कबूतर) आणि शेकरू (मोठी खार) अशा झाडावर आपणहून येतात.

धनेश डोक्यावरून जाताना पंखांचा भात्यासारखा आवाज येतो. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि चोच मावेल एवढ्या फटीतून नर तिला भरवतो. माणूस खाली रेंगाळला की नर बिचकून दूर राहतो आणि आतले जीव उपाशी राहतात, म्हणून छायाचित्रासाठी अशा ढोलीच्या झाडाजवळ जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ ऐका. ती माणसाचीच वाटते. दुर्बीण ८ × ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. पावसाळ्यात जळवांसाठी पायमोज्यांत विजारीचे पाय खोवावेत.