माळवदाखालचा सूर स्लॅबखाली का बिघडला?

प्रश्न : जुन्या माळवदाच्या घरात माझा महागडा सीडी प्लेअर फार गोड वाजायचा. तोच नव्या बंगल्यात आणला, तर सतार कर्कश लागते आणि मागे सतत बारीक घूं ऐकू येते. दुकानदार म्हणतो, चाळीस हजारांची केबल घ्या, खाली अणकुचीदार पाय बसवा. घेऊ का?
– एक वाचक, औसा

उत्तर : दादा, पैसे तूर्त खिशातच राहू द्या. घर बदललं, प्लेअर तोच आहे.

मातीच्या जाड भिंती, लाकडी सरं, कोनाडे, भिंतीला टेकवलेली धान्याची पोती. आवाज जिरवायला आणखी काय लागतं? आता वर स्लॅब, खाली टाइल्स, समोर काच. खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टणटणाट उठला की सतारीचा गुन्हेगार सापडला. माझ्याही स्लॅबच्या खोलीत हेच झालं होतं. समोरच्या भिंतीवर दोरी बांधून दोन जुन्या वाकळा टाकल्या, खाली सतरंजी अंथरली, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. बायको म्हणाली, पावसाळ्यात वाळत घातल्यात का! पण तार लागल्यासारखी सतार ऐकू आली.

घूं मात्र वेगळीच गोष्ट. अ‍ॅम्प्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलाय का? गच्चीवरच्या डिशची वायर काढून बघा. घूं थांबली तर अर्थिंग दोन वाटांनी येतंय. पण म्हणून प्लगची अर्थ पिन कापू नका, जिवावर बेतेल. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा.

पायांचं म्हणाल तर, सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो; तबकडीवरून वाचलेले ते आकडे आधी साठतात आणि प्लेअरमधल्या क्वार्ट्झ घड्याळाच्या ठोक्यावर, सेकंदाला ४४,१०० वेळा, बाहेर पडतात. बारीक थरथर त्यांत उतरत नाही. धक्का मोठा असेल तर गाणं उडी मारतं, इतकंच. प्लेअर स्पीकरवर ठेवू नका म्हणजे झालं. हां, काही प्लेअरला खाली वाहतुकीचा स्क्रू असतो, ने-आण करताना आतला भाग हलू नये म्हणून आवळायचा. घर बदलताना आवळला असेल तर आधी तो सोडवा.

केबलीची परीक्षा घरीच घ्या. प्लेअर सुमारे २ व्होल्टचा दणकट सिग्नल देतो, मीटरभर साध्या केबलीत तो मरत नाही. जुन्या पिना काढून, पुसून परत घट्ट बसवा. मग आवाजाचा काटा न हलवता पोराला पाठीमागे केबल बदलायला लावा आणि तुम्ही ओळखून दाखवा. दहातून नऊदा ओळखलीत तर कळवा, मी माझं उत्तर मागे घेतो.