फोटोतला लाल शर्ट निळा करायचा आहे, पण चेहरा बिघडू नये. कसं करू?

ब्रशने थेट निळा फासू नका, चुण्या आणि सावल्या सपाट होतात. फोटोशॉपमध्ये शर्ट सिलेक्ट करून ह्यू/सॅच्युरेशनची (रंगछटा आणि रंगाची तीव्रता बदलणारी) अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका, म्हणजे मूळ फोटोवर बसणारा बदलाचा वेगळा थर. बदल फक्त शर्टापुरता ठेवणारा मास्क आपोआप बनतो. मग ह्यूचा स्लायडर सरकवा, बस. मास्क नसेल तर ओठही निळे होतील!

खरी मेहनत कडांवर. खांद्यावर केस रुळत असतील तर तिथला मास्क मऊ ब्रशने हातानेच सुधारावा लागतो. शिवाय लाल शर्टाची झाक हनुवटीखाली पडलेली असते. तिथलं लाल सॅच्युरेशन थोडं उतरवा, नाहीतर लबाडी तिथेच पकडली जाते.

शर्ट पांढरा असेल तर ह्यू हलवून काहीच होणार नाही, कारण मुळात रंगच नाही. त्यावर निळी सॉलिड कलर लेयर (एकाच रंगाचा थर) मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा, म्हणजे खालच्या सावल्या दिसत राहतात. काळा मात्र आधी कर्व्ह्जने (उजेड-अंधार बदलणाऱ्या अ‍ॅडजस्टमेंटने) उजळावा लागतो.