गाडीतलं नॅव्हिगेशन घ्यावं की फोनवरचा नकाशा पुरे? (कोकणात जाणं-येणं असेल तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून गुहागरजवळच्या गावी वर्षातून तीन-चारदा जाणं होतं, नवी गाडी घ्यायची आहे, तर कंपनीच्या नॅव्हिगेशनसाठी वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे मोजावेत का? मी चिपळूणला राहतो. एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, त्यामुळे मंडणगडपासून राजापूरपर्यंत डॉक्टरांच्या भेटी घेत आठवड्यातले पाच दिवस गाडीत जातात. दोन्ही वापरलंय, बऱ्याचदा एकाच वेळी. नुसत्या नॅव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. खालच्या मॉडेलच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधला नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालतंय ना, तेवढं शोरूममध्ये स्वतःचा फोन लावून बघा.

असं का म्हणतो ते सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत कंपनीचं नॅव्हिगेशन होतं. गाडी घेतली तेव्हाचाच नकाशा आत होता, म्हणजे २०१९ चा. पोलादपूरकडून खेडला येताना कशेडीच्या नव्या बोगद्यातून पहिल्यांदा गेलो, तेव्हा फोन आणि गाडी दोन्हीकडे नकाशा चालू होता. फोनवर निळी रेघ डोंगरातून आरपार गेलेली दिसत होती. पण आत शिरल्यावर उपग्रहांचा सिग्नल तुटला, बाण थोडा वेळ अंदाजाने सरकला आणि मग थबकला. गाडीच्या स्क्रीनवर नेमकं उलटं. तिथे बाण गाडीच्या वेगाने नीट पुढे चालला होता, कारण सिग्नल गेला तरी चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे गाडीचे सेन्सर मोजत राहतात. फक्त बाणाखाली रस्ता नव्हता. नुसत्या हिरव्या रंगातून बाण चाललाय आणि आवाज सांगतोय, ‘शक्य असेल तिथे मागे वळा.’

आता यातला कुठला दोष महागात पडतो? बोगद्यात फाटा फुटत नाही, दोन-एक किलोमीटर सरळ जायचं असतं. बाण थबकला म्हणून काही बिघडत नाही. नकाशा जुना असेल तर मात्र माणगावपासून चिपळूणपर्यंत जागोजागी अडता. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण कितीतरी वर्षं चाललंय. आज जिथून सर्व्हिस रोडला उतरलात तिथे पुढच्या मे महिन्यात उड्डाणपूल सुरू झालेला असतो. गाडीतला नकाशा पेनड्राइव्हने नाहीतर सर्व्हिस सेंटरला नेऊन अपडेट करावा लागतो आणि ते वेळच्या वेळी करणारे फार थोडे. सिमकार्डवाल्या गाड्यांत तो आपोआप होतो, पण त्या सेवेची फुकटची वर्षं संपली की वर्गणी भरावी लागते का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. आणखी एक, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मॅपमायइंडियाचेच नकाशे असतात आणि त्याच कंपनीचं मॅपल्स हे ॲप फोनवर फुकट मिळतं.

‘घाटात रेंज नसते, मग फोन काय कामाचा?’ हे तुम्ही विचारलंत, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग हाच आहे. रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही. आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहांकडून ऐकतो, त्याला सिमकार्डही लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणून ते चित्र घरीच, वायफायवर उतरवून ठेवायचं. गूगल मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर टिचकी मारली की ऑफलाइन नकाशे दिसतात, तिथे पुण्यापासून रत्नागिरीपर्यंतचा चौकोन निवडा. पुण्यात रस्ता लावून निघालं की तो फोनमध्ये राहतो खरा, पण पुढे दरड आली आणि वाट बदलावी लागली की बिनरेंजचा फोन नवा रस्ता कशावरून काढणार? उतरवलेला नकाशा असेल तर तो काढतो. गर्दी आणि बंद रस्त्याची खबर तेवढी ऑफलाइन मिळत नाही.

त्या खबरीवरही कोकणात फार विसंबू नका. नकाशावरचे लाल-पिवळे रंग त्या रस्त्यावरच्या इतर लोकांच्या फोनवरून येतात. महामार्गावर गणपतीत हजारो फोन असतात, तिथे रंग अगदी खरे. पण रात्री अकराला कुंभार्ली घाटात चार गाड्या असतील तर नकाशाला काय कळणार? भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघतात, ते आदल्या दिवशी बातम्यांत बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं. मला त्या दिवशी कुठला रस्ता चालू आहे हे कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरकडून.

खाडीचं वेगळंच. दापोलीहून गुहागरला यायचं तर दाभोळ-धोपावे जंगल जेटीने, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीने, पन्नासच्या आसपास किलोमीटर पडतात. खेड-चिपळूणवरून फिरून आलात तर शंभरावर. नकाशा फेरीबोटीची वाट पाण्यातून ठिपक्यांनी दाखवतो आणि वेळ धरतो पलीकडे पोचण्याची. बोट पलीकडच्या काठाला उभी असेल, पुढे आठ गाड्यांची रांग असेल, ते त्यात येत नाही. हर्णैहून परतताना एकदा मी फोनच्या भरवशावर दाभोळला उतरलो, तर शेवटची बोट निघून गेलेली. काठावर जाळं विणत बसलेल्या काकांनी मान हलवूनच सांगितलं. घरी पोचायला मध्यरात्र झाली. तेव्हापासून संध्याकाळी त्या बाजूला असलो की आधी जेटीवर फोन करतो, नाहीतर सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू करून ठेवतो. हे सेटिंग तुम्हीही शोधून ठेवा, गाडीच्या नॅव्हिगेशनमध्येही ते बहुधा असतं.

गावांच्या नावांची भानगड दोन्हीकडे सारखीच. मुरुड टाकलंत तर जंजिऱ्याजवळचं रायगडातलं मुरुड येईल, दापोली तालुक्यातलं महर्षी कर्व्यांचं मुरुड हवं असलं तरी. नांदगाव तर किती आहेत! नावाबरोबर तालुका बघितल्याशिवाय ‘सुरू करा’ दाबू नका. आणि वाडीपर्यंत जायचं असेल तर नाव टाकूच नका. गावच्या घरी कोणी असेल त्यांना अंगणात उभं राहून व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगा आणि ते रेंजमध्ये असतानाच नकाशात जतन करा. हे गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये चालत नाही असं नाही, पण बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशाचे आकडे हाताने भरत बसावं लागतं. माझी त्या गाडीवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती.

जवळचा रस्ता दाखवला म्हणून मात्र आत घुसू नका. पालशेतच्या अलीकडे एकदा नकाशाने सड्यावरून खाली जाणारी बारीक वाट दाखवली, मुख्य रस्त्यापेक्षा दोन किलोमीटर कमी. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आरसे मिटून घ्यावे लागले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या आजी थांबल्या आणि म्हणाल्या, “फुडं पाखाडी हाय, गाडी कुठं न्हेतोस?” खरंच, वळणापलीकडे दगडी पायऱ्या सुरू होत होत्या. अर्धा किलोमीटर रिव्हर्स घ्यावी लागली, आजी मागे उभ्या राहून हात दाखवत होत्या. अनोळखी भागात मी आता एकच बघतो, एसटी या रस्त्याने जाते का. थांब्याची शेड दिसली की निर्धास्त जायचं.

फोन वापरायचा तर स्टँडवर चांगले पैसे घाला. मे महिन्यात काचेला चिकटवलेला फोन उन्हाने आणि चार्जिंगने इतका तापतो की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. एसीच्या जाळीला अडकवायचा स्टँड घ्या. अँड्रॉइड ऑटो बिनवायरचं असलं तरी लांबच्या प्रवासात वायरच लावा, फोन कमी तापतो. काही गाड्या अशा जोडणीत स्वतःच्या अँटेनाचं आणि चाकांचं मोजमाप फोनमधल्या नकाशाला देतात, मग बोगद्यातही बाण अडत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय आहे का, हेही विचारा. कायद्याचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२० पासून नियमात स्पष्ट आहे, रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, पण लक्ष विचलित होता कामा नये. पत्ता टाकायचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या.

तुम्ही उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली उतरणार असाल तर कोयनानगरला चहाला थांबाल तेव्हा चिपळूणपुढचा रस्ता एकदा ताजा करून घ्या. गावाचं नाव लिहिलंत तर शेवटच्या तिठ्यापासून घरापर्यंतच्या खुणा मी इथेच लिहून देतो, त्या भागातल्या बहुतेक दवाखान्यांत माझं जाणं असतं.