आधी चांद, मग पेढे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरला नवीन फ्लॅट घेतलाय, समोरच्या दारात मुस्लिम कुटुंब आहे, रमजान ईद तोंडावर आलीय. 'ईद मुबारक' पुरे की अरबीत काही म्हणायचं, मिठी मारायची का, काय न्यायचं, आणि तुम्ही शाकाहारी, तर शीरखुर्म्याचं काय.

मी जुन्या नाशकात वाढलो, चौक मंडई घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या बाबतीत चुका करून झाल्यात, त्यातली सगळ्यात मोठी आधी सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅलेंडरवर ईदची तारीख लाल छापलेली, ऑफिसला सुट्टी. सकाळी साडेनऊला पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऑफिसातल्या मित्राकडे गेलो. दारातूनच 'ईद मुबारक' ठोकलं. भाभींनी बॉक्स घेतला, फडताळात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, चांद नाही दिसला काल. आज तिसावा रोजा." मी ओशाळलो, निघतो म्हणालो, पण त्या कसल्या ऐकतायत! मला बसवून चहा केला. घरात कोणाच्याच तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि मी बशीत ओतून भुरके मारतोय. मित्राचा दहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच रोजे धरत होता. तो माझ्या समोर बसून फडताळाकडे बघत राहिला. तो चहा अजून घशात अडकतो.

तर मुद्दा हा की, शब्दांची एवढी काळजी करू नका, दिवसाची करा. आपली तिथी आणि त्यांची तारीख दोन्ही चंद्राच्याच. फक्त त्यांच्याकडे कोर डोळ्यांनी दिसावी लागते, म्हणून महिना २९ चा की ३० चा हे शेवटच्या संध्याकाळी ठरतं. कॅलेंडरवाल्याने छापलेला तो अंदाज असतो. भिंतीवरच्या पंचांगात 'चंद्रदर्शन' लिहिलेलं असतं ना, ती संध्याकाळ महत्त्वाची. २०२५ ला गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्याच संध्याकाळी चांद दिसला आणि ३१ ला ईद झाली. म्हणजे आमच्या गल्लीत गुढी उतरवत असताना पलीकडे 'चांद मुबारक' सुरू! आपल्याकडे अधिक महिना घालून वर्ष ऋतूंना धरून ठेवतात, त्यांच्याकडे तसं नाही. म्हणून ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते आणि तेहेतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते.

चांद दिसल्याची बातमी आली की त्या रात्री जिन्यात भेट झाली तर 'चांद मुबारक' म्हणा. पण घरी जाऊ नका. चांदरातीला शेवयांपासून मेंदीपर्यंत धांदल असते. दुसऱ्या दिवशीही अकराच्या आत नको. पुरुष मंडळी सकाळी नमाजला जातात, कोणी त्र्यंबक रोडच्या ईदगाहला, कोणी जवळच्या मशिदीत. नमाजच्या आधी गरिबांना फित्रा, म्हणजे ईदचं दान, द्यायचं असतं, आणि परतताना बरेच जण कब्रस्तानात आपल्या माणसांच्या कबरींवर जाऊन येतात. दुपारी बाराच्या सुमारास घर सुटं होतं.

म्हणायचं काय? 'ईद मुबारक'. किंवा सरळ 'ईदच्या शुभेच्छा', समोरचे नाशिकचेच असतील तर मराठी तुमच्याइतकीच त्यांची. उत्तर 'खैर मुबारक' येईल. अरबीत एक दुआ आहे, आमची इबादत कबूल होवो अशा अर्थाची, पण ती ते एकमेकांना म्हणतात. आपण पाठ करून म्हणायची गरज नाही. (आमचा एक मित्र टोपी घालून गेला होता. कोणी काही बोललं नाही, पण फोटो मात्र अजून फिरतोय.)

मिठी: पुरुष पुरुषांना मारतात, बहुतेक तीनदा, खांदे बदलत. त्यांनी हात पसरले तर पुढे व्हा. बायकांशी हात मिळवायला जाऊ नका. छातीशी हात नेऊन 'मुबारक हो भाभी' म्हटलं की झालं. तुमच्या मिसेसना मात्र भाभी स्वतःच जवळ घेतील.

शीरखुर्मा बिनधास्त घ्या. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. तुपात परतलेल्या शेवया, खारीक, चारोळी, बदाम. त्यात मांसाहारी काही नसतं. जेवणाचा आग्रह होईल तेव्हा बिर्याणीला नाही म्हणावं लागेल, म्हणून आधीच एकदा बोलता बोलता सांगून ठेवा. ताटावर बसून नाक मुरडण्यापेक्षा ते बरं. तुमचा उपवास असेल तर तेही सांगा. महिनाभर रोजे केलेल्या घराला उपवास समजावून सांगावा लागत नाही. वाटी डब्यात भरून देतील.

न्यायचं म्हणाल तर मिठाई चालते, पण माझं मत विचाराल तर ईदची वाट बघू नका. सध्या रमजान द्राक्षांच्या हंगामात येतोय. एक पेटी आज-उद्याच नेऊन द्या, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) अजानच्या तासभर आधी, म्हणजे धुऊन इफ्तारला ठेवता येतील. ऐन अजानच्या वेळी बेल वाजवू नका, तेव्हा हात खजुराकडे गेलेला असतो.

बाकीचे दिवस विचारले नाहीत, पण मोबाइलमुळे चुका तिथेच होतात. मुहर्रमच्या दहाव्या दिवसाला, आशुराला, 'मुबारक' पाठवू नका. इ.स. ६८० मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले त्याची ती आठवण आहे. ईद-ए-मिलादला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाला, जुन्या नाशकात जुलूस असतो, पण काही घरं हा दिवस साजरा करत नाहीत, तेव्हा समोरच्यांचा कल बघा. जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं 'बारावफात' हे नावही त्याच दिवसाचं, आणि वफात म्हणजे निधन, कारण पैगंबरांचं निधनही त्याच तारखेचं मानतात.

बकरी ईदला शुभेच्छा तीच, 'ईद मुबारक'. फक्त संध्याकाळी जा. सकाळी नमाज, मग कुर्बानी, मग वाटे: एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. बोकड केवढ्याला पडला हे विचारू नका, बोकडाचे विनोदी फोटो पाठवू नका. कुर्बानीला बहुतेकांकडे तीन दिवस असतात. २०२३ ला ही ईद आषाढी एकादशीला, २९ जूनला आली, तेव्हा राज्यात अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. त्या वर्षी माझ्या त्याच मित्राचा सकाळी फोन आला, "एकादशी आहे ना तुझी? उद्या ये."

आणि हो, शीरखुर्म्याचा डबा परत करताना रिकामा देऊ नका. निदान साखर घाला.