गाडीचा दवाखाना: नव्या कव्हरमध्ये तेल किती?

प्रश्न: माझ्या पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला) बाहेरच्या कंपनीचं खोल, अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर बसवलंय. मॅन्युअलमध्ये दिलेलं तेल ओतलं, तरी ते नव्या कव्हरवरच्या तेल भरायच्या भोकाच्या बरंच खाली राहतंय. भोकापर्यंत भरू का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: थांबा, भरू नका! नव्या कव्हरचं भोक बनवणाऱ्याने सोयीने पाडलेलं असतं, ते बहुधा मूळच्यापेक्षा वर असतं. न्यू जर्सीतल्या गॅरेजमध्ये काम करताना मी एकदा असंच काठोकाठ भरलं. पंधरा दिवसांत तेल अ‍ॅक्सलच्या (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांतून चाकाजवळच्या सीलपर्यंत गेलं आणि ब्रेक शू भिजले. त्या ग्राहकाच्या गाडीत लहान मुलं बसायची, ते आठवलं की आजही जीव कसनुसा होतो.

जादा तेल क्राउन व्हील (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) घुसळतं, त्याला फेस येतो आणि ते तापतं. पण मॅन्युअलचं माप तेवढंच ओतून थांबणंही चूक. कव्हर खोल आहे, म्हणजे पातळी खाली जाणार आणि पिनियनच्या (क्राउन व्हील फिरवणाऱ्या लहान गिअरच्या) पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडणार. जपायची ती पातळी, लिटर नव्हेत.

जुनं कव्हर जपून ठेवलंय ना? त्याचं भोक अ‍ॅक्सलच्या नळीच्या मध्यापासून किती खाली आहे ते मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, नव्या भोकातून वाकवलेली तार घाला आणि त्याच उंचीपर्यंत भरा. मॅन्युअलने मूळ भोकाखाली पाव-अर्धा इंच सोडायला सांगितलं असेल, तर तेही धरा. सस्पेन्शन बदलून गाडी उंच केली असेल तर मला पुन्हा लिहा; पिनियन वर वळलेला असला की हिशेब बदलतो.