राजाला अठरा वर्षं लागली, २१ दिवस नाही

ताई, अडखळत बोलण्याबद्दलची तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. नव्याने सरपंच झालात, १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर चार शब्द बोलायचेत, ‘ग्रामस्थ’ म्हणताना गळाच बंद होतो आणि घरचे म्हणतात, ‘मिस्टर बोलतील.’ पतसंस्थेचा सचिव झालो तेव्हा मी ‘सन्माननीय’च्या ‘स’वर असाच अडकायचो.

श्वासाचे व्यायाम स्पीच थेरपिस्ट शिकवतीलच. मला बोलायचंय ते तुम्ही लिहिलेल्या, २१ दिवसांत अडखळणं घालवायची ‘गॅरंटी’ देणाऱ्या वर्गाबद्दल. पैसे भरू नका.

मी अशाच एका केंद्रात भरले होते. केंद्राचं नाव घेत नाही. पंधरा दिवस तिथेच राहायचं, मांडीवर बोटाने ठेका धरायचा, प्रत्येक अक्षर ठेक्यावर बोलायचं. शेवटच्या दिवशी मी दहा मिनिटं न अडखळता बोललो. त्याचं चित्रीकरण झालं, पुढच्या लोकांना दाखवायला. तीन आठवड्यांनी आमची वार्षिक सभा होती. पहिल्याच वाक्यात ठेका सुटला. अध्यक्षांनी अहवाल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. केंद्राला फोन केला तर उत्तर आलं, ‘तुम्ही मन लावून सराव केला नाही.’ पैशांचं दुःख विसरलो. पण ते वाक्य मी खरं मानलं आणि पुढची चार वर्षं कुठल्याच थेरपिस्टची पायरी चढलो नाही. ती चार वर्षं मला अजून सलतात.

तुम्ही विचारलंय, ‘इंग्लंडचा राजा बरा झालाच ना?’ कसा, ते नीट बघा. सहावे जॉर्ज तेव्हा ड्यूक ऑफ यॉर्क होते. ३१ ऑक्टोबर १९२५ ला वेम्बलीच्या प्रदर्शनाच्या समारोपात त्यांचं भाषण फार अडखळलं. वर्षभराने ते लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर वाचा-उपचार करणाऱ्या लायनेल लोग यांच्याकडे जायला लागले. डिसेंबर १९२७ पर्यंत ८० च्या वर भेटी झाल्या. मधे ९ मे १९२७ ला कॅनबेराच्या संसद भवनाचं उद्घाटन होतं, तिथलं भाषण चांगलं झालं. म्हणून काम संपलं का? १९३७ च्या राज्याभिषेकाची तयारी लोगनीच करून घेतली. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्धाचं भाषण रेडिओवर झालं तेव्हाही लोग जवळ उभे होते. नाताळचं भाषण राजाने त्यांच्याशिवाय केलं ते १९४४ साली. १९३९ चं भाषण आजही ऐकायला मिळतं, ऐकाच. थांबे स्पष्ट कळतात. अडखळणं गेलेलं नाही, त्यासकट माणूस बोलतोय.

लोग डॉक्टर नव्हते. ऑस्ट्रेलियात वक्तृत्व शिकवायचे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या वाचेवर काम करत शिकले. पण म्हणून आपल्याकडे कोणीही चालेल, हे मला मान्य नाही. तेव्हा या विषयाचं रीतसर शिक्षणच जवळपास नव्हतं, आज आहे. थेरपिस्टकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा, संकोच करू नका. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

मी थेरपिस्ट नाही, प्रत्येकाचं अडखळणं वेगळं असतं, तेव्हा हे अनुभव म्हणूनच घ्या. लोग राजाच्या भाषणातले अडणारे शब्द बदलायचे. तुम्हीही ‘ग्रामस्थहो’ऐवजी ‘माझ्या गावच्या मंडळींनो’ म्हणून बघा. पण हे भाषणापुरतंच. रोजच्या बोलण्यात शब्द चुकवायची सवय लागली की भीती वाढते. ‘पोहे’ अडतील म्हणून मी दुकानातून रवा आणलाय, आणि घरी कारण सांगू शकलो नाही.

आणि मिस्टरांना भाषण देऊ नका. हे मी जरा रागानेच लिहितोय, कारण माझ्या हातातला कागद एकदा गेला, तो परत हातात यायला किती वर्षं लागली ते मला माहीत आहे. निवडून तुम्ही आलात. यंदा चारच ओळी ठेवा. मोठ्या अक्षरात लिहा, थांबायचं तिथे उभी रेघ मारा, लोगही राजाच्या कागदावर थांब्यांच्या खुणा करून द्यायचे. आदल्या संध्याकाळी माईक लावतील तेव्हा तिथे जाऊन एकदा मोठ्याने वाचून या.