वाचकांचे प्रश्न : क्लायंटचा डेटा, बॅकअप आणि रिस्टोअर

प्रश्न : आमचं ऑफिस गणपती पेठेत आहे. साठेक क्लायंटची टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली खाती आमच्याच कॉम्प्युटरवर असतात; टॅलीत अशा प्रत्येक खात्याला 'कंपनी' म्हणतात. विंडोज बिघडलं म्हणून तंत्रज्ञानं सी ड्राइव्ह फॉरमॅट करून टॅलीप्राइम नव्यानं टाकलं आणि डी ड्राइव्हवरचा डेटा जोडून दिला. आता काही कंपन्यांत मार्चनंतरच्या नोंदी नाहीत, काही कंपन्या तर यादीतच नाहीत. पेनड्राइव्हवर रोजचा बॅकअप आहे. तो रिस्टोअर करून टाकावा का?
– एक करसल्लागार, सांगली

उत्तर : लगेच करू नका. ज्या फोल्डरमध्ये रिस्टोअर कराल तिथे त्याच क्रमांकाची कंपनी असेल, तर टॅली ती पुसून बॅकअपमधली तिच्या जागी बसवतं. पेनड्राइव्हवरचा बॅकअप जुना निघाला तर आहे तेही हातचं जाईल. आधी डी वरचा अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर जसाच्या तसा कॉपी करा.

मग डी ड्राइव्ह नीट धुंडाळा. टॅलीत प्रत्येक कंपनीचा क्रमांकाचा फोल्डर असतो : १००००, १०००१ असा. हा क्रमांक शोधून फोल्डरमधल्या फाइलींची शेवटच्या बदलाची तारीख बघा. मार्चमध्ये कुणीतरी 'असू दे' म्हणून केलेली कॉपी डी वर असते आणि तंत्रज्ञाला तीच सापडते, असं बऱ्याच ऑफिसांत होतं. टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हवर, यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरात जातो. तुमचा चालू डेटा तिथेच असेल तर तो फॉरमॅटमध्ये गेला. मग बॅकअप हाच आधार.

डी वर 'तपासणी' नावाचा रिकामा फोल्डर करा. टॅलीत आल्ट-वाय दाबून रिस्टोअर निवडा, डेटा उतरवायचा मार्ग म्हणून हाच फोल्डर द्या आणि बॅकअपचा मार्ग पेनड्राइव्हचा. नव्यानं टाकलेलं टॅली आधीच्याच आवृत्तीचं किंवा त्यापुढचं हवं. नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेला डेटा जुनीत उघडत नाही. कंपनीला टॅलीव्हॉल्टचा (डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीतल्या सोयीचा) पासवर्ड असेल तर तो हाताशी ठेवा. विसरला असाल तर त्यावर इलाज नाही.

कंपनी उघडली म्हणून डेटा पूर्ण आला असं धरू नका. डे बुकमधली (रोजच्या नोंदींच्या वहीतली) शेवटची नोंद, रोकड शिल्लक आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकींचा तक्ता) पाहा. खात्रीची पडताळणी जीएसटी पोर्टलवर होते : भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातली महिनावार विक्री टॅलीतल्या विक्रीशी जुळते का, ते ताडून बघा. जुळल्यावरच 'तपासणी'तला कंपनीचा फोल्डर चालू डेटात हलवा. त्याच क्रमांकाचा जुना फोल्डर तिथून आधी काढून वेगळा ठेवा.

पुढे काय करायचं? रोज त्याच फोल्डरात बॅकअप घेतला तर कालचा पुसला जाण्याचा धोका असतो. बुधवारी वीज गेली, डेटा बिघडला आणि ते शनिवारी लक्षात आलं, तर तुमच्याकडे बिघडलेल्याच डेटाचा बॅकअप उरतो. सोमवार ते शनिवार असे सहा फोल्डर करा आणि दर महिनाअखेरचा वेगळा. महिनाअखेरचा पुसायचा नाही. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. बॅकअप घेताना बाकीच्या टेबलांवरची टॅली बंद हवी. स्क्रीनवरचा डेटाचा मार्ग दर वेळी वाचा. मार्ग बदलला की जुनाच फोल्डर निमूटपणे बॅकअप होत राहतो, तक्रार कुणीच करत नाही.

आणि गणपती पेठ म्हणजे पुराचं पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पाणी चढू लागलं की माणसं फायली माळ्यावर टाकतात आणि सीपीयू टेबलाखालीच राहतो. एक हार्ड डिस्क ऑफिसबाहेर, सांगलीतल्याच विश्रामबागेत किंवा मिरजेला कुणाच्या तरी घरी असलीच पाहिजे. भिजलेली डिस्क वाळवून जोडून बघण्याच्या फंदात पडू नका. वीज न देता ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

प्रश्न : अशिलांची स्कॅन केलेली कागदपत्रं कॉम्प्युटरवरून आपोआप गूगल ड्राइव्हवर जातात. ज्युनिअरच्या हातून एक फोल्डर डिलीट झाला, तो ड्राइव्हवरूनही गेला. मग हा कसला बॅकअप?
– एक वकील, सातारा

उत्तर : हा बॅकअप नाहीच, हे सिंक आहे. इकडे पुसलं की तिकडे पुसलं जातं. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून ट्रॅश पाहा. फायली तिथे ३० दिवस राहतात. कॉम्प्युटरचा रिसायकल बिनही बघा.

यापुढे एक टीबीची बाहेरची डिस्क घ्या आणि आठवड्यातून एकदा कॉपी करा. काम झालं की डिस्क काढून कपाटात. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (खंडणीसाठी फायली अडवणारा व्हायरस) तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप लावतं. कॉपीसाठी कुणी 'मिरर' पर्याय लावून दिला असेल तर तो काढायला सांगा. मूळ जागी पुसलेली फाइल तो डिस्कवरूनही पुसतो. जुना पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. सुनावणीची व्हिडिओ फाइल अडते ती इथेच. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही तपासा. असल्यास ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. मदरबोर्ड जळाल्यावर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलीत, तर पहिला प्रश्न तीच मागणारा असेल.

प्रश्न : डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा बॅकअप घेता येतो का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. सहीची खासगी की (सही करणारी गुप्त डिजिटल किल्ली) टोकनमधून बाहेर काढता येत नाही, तशी सोयच ठेवलेली नसते. टोकन हरवलं, फॉरमॅट केलं किंवा चुकीचे पासवर्ड देऊन कायमचं लॉक झालं, तर नवी सही घ्यावी लागते. प्रत्येक क्लायंटच्या सहीची मुदत कधी संपते ते वहीत लिहून ठेवा, आणि टोकनवर नावाची चिठ्ठी चिकटवा. पासवर्ड मात्र त्या चिठ्ठीवर नको.